पाळी पुढे ढकलणारी गोळी आणि रक्ताचा लगाम

आषाढीला पंढरपूरला जायचे असो किंवा तिरुपतीची गाडी ठरलेली असो, सोलापुरातल्या औषधाच्या दुकानात हळू आवाजात एक मागणी येते : "पाळी पुढे ढकलायची गोळी द्या." कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा हाती पडतो, औषधाचे नाव छापलेला भाग बहुधा दुकानातच राहतो. ही काही गर्भनिरोधक गोळी नव्हे, तेव्हा त्या गोळीसारखी रक्ताची गुठळी होण्याची भीती इथे नाही, अशी घेणारीची समजूत असते. ती चुकीची आहे. या गोळीतले नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक साधारणपणे 5 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा घेतले जाते आणि एवढ्या मात्रेत त्याचा थोडा अंश शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो. माला-डीसारख्या संयुक्त, म्हणजे दोन संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळीत असते ते हेच इस्ट्रोजेन.

इस्ट्रोजेनने "रक्त घट्ट होते" हेही तितकेसे खरे नाही. जखम झाली की थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे प्रथिन तयार होते, ते फायब्रिनचे धागे घडवते आणि गुठळी धरते. गंमत अशी की स्वतःला आवरण्याची तजवीजही थ्रॉम्बिनच करते. रक्तवाहिनीच्या निरोगी अस्तरावरील थ्रॉम्बोमॉड्युलिन या प्रथिनाला ते चिकटले की त्याचा स्वभावच पालटतो. ते प्रोटीन सी हे गोठण आवरणारे प्रथिन जागे करते, आणि प्रोटीन सी हे प्रोटीन एसला जोडीला घेऊन गोठण-साखळीतील पाचव्या व आठव्या घटकांचे तुकडे पाडते, म्हणजे नव्या थ्रॉम्बिनची निर्मिती मंदावते. तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन आतड्यातून आधी यकृतात जाते, आणि यांतली बहुतेक प्रथिने तिथेच बनतात. परिणामी गोठवणारे काही घटक वाढतात, प्रोटीन एस व थ्रॉम्बिनला रोखणारे अँटिथ्रॉम्बिन घटतात आणि लगाम सैल पडतो. 1994 मध्ये नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी पाचव्या घटकातला जो जनुकीय दोष शोधला, तो असलेल्या स्त्रीत हा लगाम जन्मतःच सैल असतो.

तरीही माला-डी फेकून देण्याचे कारण नाही. संयुक्त गोळी न घेणाऱ्या 10,000 स्त्रियांपैकी वर्षाला 1 ते 5 जणींना शिरेत गुठळी होते, घेणाऱ्यांत 3 ते 9 जणींना, तर गरोदरपणात 5 ते 20 जणींना. 1960 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत 150 मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होते, माला-डीत 30 आहे. पक्षाघाताचे गणित निराळे, कारण तो बहुधा मेंदूच्या धमनीत गुठळी अडकल्याने होतो. अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसणाऱ्या, उच्च रक्तदाबाच्या आणि पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांना संयुक्त गोळी म्हणूनच देत नाहीत. दुकानात यातले काहीच विचारले जात नाही.

पाळीने देवाला विटाळ होतो ही कल्पना माणसांची. तिची किंमत मात्र यकृत मोजते. त्यात रात्रभर बसमध्ये पाय खाली सोडून बसले की पोटरीतले रक्त संथ होते. परतल्यावर एकच पोटरी सुजली, दुखू लागली, तर "प्रवासाने पाय भरले" म्हणून तेल चोळत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि गोळी घेतल्याचे न लाजता सांगावे. अचानक धाप लागली, तर थेट रुग्णालयच गाठावे.