लपण (पक्षिछायाचित्रण)

लपण : रानपक्ष्यांचे अगदी जवळून निरीक्षण वा छायाचित्रण करण्यासाठी उभारलेला आडोसा. छायाचित्रकारांच्या तोंडी ‘हाइड’ हाच शब्द असतो. पाणवठ्याकाठी दबा धरणाऱ्या शिकाऱ्याच्या आडोशालाही लपण म्हणतात. झाडावरचे मचाण निराळे.

पहिले लपण कोणाचे, याविषयी एकमत नाही. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १९०० च्या सुमारास बैलाचे पोकळ सोंग करवून त्यात शिरून छायाचित्रे घेतली. घरट्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक १८९५ मध्येच निघाले होते, त्यामुळे इंग्रजी ग्रंथांत श्रेय बहुधा त्यांना मिळते. अमेरिकेत फ्रान्सिस हॉबर्ट हेरिक याने साधा कापडी तंबू वापरला. त्याचे पुस्तक १९०१ चे. दोघांत अंतर असलेच तर थोड्या वर्षांचे, आणि शिकाऱ्यांचे आडोसे दोघांहून कितीतरी जुने. खरा फरक तत्त्वाचा आहे. बैल पक्ष्याला फसवू पाहतो. तंबू कोणाला फसवत नाही. तो पक्ष्याला धडधडीत दिसतो, पण हलत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांत दगडाधोंड्यात जमा होतो. पुढे टिकली ती हीच रीत, म्हणून आजच्या लपणाचा उगम तंबूकडे मानणे अधिक सयुक्तिक. मात्र हेरिक घरट्यासह फांदी कापून तंबूसमोर सोयीच्या जागी बांधत असे. ते आज सर्वस्वी त्याज्य ठरले आहे.

भारतात सालिम अली यांनी किहीम (ता. अलिबाग) येथे सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण कापडी लपणातून केले. एक नर अनेक माद्यांशी कसा जोडा जमवतो, हे त्यातून उलगडले; लेख १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला.

एकट्यासाठी सव्वा मीटर लांब-रुंद व दीड मीटर उंच सांगाडा पुरतो. कापड मातकट, जाड आणि ताणून बांधलेले हवे. रंगापेक्षा फडफडणारी कड पक्ष्याला अधिक बिचकवते. आतली मागची बाजू काळी ठेवावी. तिथून उजेड आला की माणसाची आकृती समोरच्या झरोक्यात उठून दिसते. झरोका बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या नव्हे, पक्ष्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवतात, म्हणजे पाणवठ्यावर जमिनीपासून जेमतेम वीतभर. सकाळचे ऊन पाठीशी यावे.

अंतर आधी मोजून घ्यावे. ५०० मिमी लेन्सने ५ मीटरवरचा वीस सेंटीमीटरचा बुलबुल ३६ मिमी रुंदीच्या सेन्सरवर साधारण २० मिमी भरतो. पण एफ/८ या छिद्रमापाला (ॲपर्चर) स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे रेखीव उमटणारा पट्टा, तिथे चार-साडेचार सेंटीमीटरच मिळते. डोळा नेमका आणि शेपूट धूसर, ही तक्रार इथली. म्हणून पक्ष्याने बसायची काटकी लेन्सला आडवी रोवतात, अंगठ्याएवढ्या जाडीची. पार्श्वभूमी तिच्यामागे चार-पाच मीटर तरी असावी. विष्ठेने पांढरी पडलेली काटकी लगेच बदलतात. पाण्याचे ताट तीन-चार सेंटीमीटर खोल, कडेला उतरता दगड, वर थेंब-थेंब गळणारी बाटली. थेंबाच्या आवाजाने पक्षी लवकर येतात. पाणी रोज बदलावे लागते.

लेन्स एकदम बाहेर काढल्यास पक्षी उडतात. आदल्या दिवसापासून झरोक्यात काळी नळी वा रिकामी बाटली खुपसून ठेवतात. अंघोळीच्या चित्रांना १/१००० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागतो. इलेक्ट्रॉनिक शटर आवाज करत नाही, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत झपाट्याने हलणारा पंख वाकडा उमटतो. उन्हाळ्यात ऊन चढल्यावर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरचे चित्र मऊ येते; दोष उगाच लेन्सला दिला जातो.

लपण रिकामे झाले असे पक्ष्यांना वाटावे म्हणून दोघांनी आत जायचे आणि एकाने उघडपणे निघून जायचे, ही युक्ती ‘पक्ष्यांना मोजता येत नाही’ या समजुतीवर उभी आहे. अठराव्या शतकात फ्रान्समधील चार्ल्स-जॉर्ज लरॉय याने शिकाऱ्यांची मोजदाद ठेवणाऱ्या पक्ष्याची हकिकत लिहिली. विसाव्या शतकात जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ओटो कोलर याच्या प्रयोगांत कावळ्याच्या कुळातले पक्षी सहा-सातपर्यंत ठिपक्यांची संख्या ओळखत. युक्ती अनेकदा साधते. पक्षी मोजत नसावेत असे नाही, निघून जाणारा माणूस त्यांना पुरेसा वाटत असावा.

घरट्याजवळ लपण टाळावे. दृश्य मोकळे करायला पाने बाजूला केली की पिलांवर ऊन पडते, आणि भारद्वाज व कावळ्यांना वाट दिसते. माणसालाही धोका असतोच: १९३७ मध्ये वेल्समध्ये लपणाकडे चढताना घुबडाच्या हल्ल्यात इंग्रज पक्षिछायाचित्रकार एरिक हॉस्किंग याचा डावा डोळा गेला.

गवताळ माळावर उभी जीपच लपणाचे काम करते, भिगवणच्या जलाशयात होडी.