सागरी मासेमारी नियमन, महाराष्ट्र

राज्याच्या किनाऱ्यालगत कोणी, कधी, कुठे आणि कोणत्या जाळ्याने मासे धरायचे हे ठरवणारी शासकीय नियमव्यवस्था. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ हा तिचा आधार. अंमलबजावणी मत्स्यव्यवसाय विभागाकडे असून आयुक्त आणि किनारी जिल्ह्यांतील सहायक आयुक्त ती पाहतात. राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किमीच्या पट्ट्यात चालतो. सरकारी आदेशांत या पट्ट्याला ‘जलधी क्षेत्र’ म्हणतात. त्यापुढे २०० मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारी केंद्राच्या अखत्यारीत येते.

हा कायदा माशांच्या काळजीतून जितका आला तितकाच माणसांच्या भांडणांतून. १९७०च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर (मागे जाळे ओढत नेणाऱ्या नौका) उथळ पाण्यात शिरू लागले आणि होड्या वल्हवणाऱ्या, शिडावर जाणाऱ्या मच्छीमारांची जाळी त्यांच्याखाली फाटू लागली. गोवा, केरळ, तमिळनाडूत त्यावरून जोरदार संघर्ष झाले. केंद्राने मजुमदार समिती नेमली, त्यातून राज्यांसाठी नमुना विधेयक तयार झाले. केरळ आणि गोव्याने १९८० साली आपापले कायदे केले, महाराष्ट्राने पुढच्या वर्षी. त्यामुळे मासेमारीवर निर्बंध घालताना शासनाने तीन गोष्टी पाहायच्या असतात: वेगवेगळ्या मच्छीमारांचे, विशेषतः पारंपरिक होडीवाल्यांचे हित; माशांचे जतन; आणि समुद्रातील कायदा व सुव्यवस्था. पहिली आणि तिसरी बाब नजरेआड केली तर या व्यवस्थेतले बहुतेक निर्णय कळतच नाहीत.

नियम विधिमंडळात एकेक करून मंजूर होत नाहीत. अधिनियमाने शासनाला अधिकार दिला आहे. सल्लागार समितीशी विचारविनिमय करून राजपत्रात आदेश काढला की तो लागू होतो. किती वाव (खोली मोजण्याचे माप) पाण्याच्या आत ट्रॉलरने येऊ नये, जाळ्याचा आस (छिद्राचा आकार) किती असावा, कोणत्या नौकेला कोणता परवाना मिळावा, हे सगळे अशा आदेशांनीच ठरते. शास्त्रीय बाजू मुख्यतः केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेकडून येते. दुसरी बाजू येते मच्छीमार सहकारी संस्था आणि कृती समित्यांच्या निवेदनांतून, मोर्चांतून आणि न्यायालयांतून.

सर्वांत परिचित नियम पावसाळी बंदीचा. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीस मनाई असते. अनेक जातींचा विणीचा हंगाम या काळात येतो आणि समुद्रही खवळलेला असतो. बिगर यांत्रिक पारंपरिक होड्यांना ही बंदी लागू नाही. बंदी मोडून गेलेल्या नौकेला अपघात झाला तर नुकसानभरपाई मिळत नाही, असे आदेशातच बजावलेले असते. पूर्वी राज्यातली बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. आता राज्याच्या तारखा पश्चिम किनाऱ्यापुढील केंद्रीय क्षेत्रातल्या बंदीच्या तारखांशी जुळवल्या आहेत. त्याचा फायदा उघड आहे: राज्याच्या नौका बंदरात असताना १२ मैलांपुढच्या पाण्यात इतर राज्यांच्या नौकांनाही जाळी टाकण्यास मनाई असते. पण सागराला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात न घालण्याचा कोळीवाड्यांचा दंडक तारखेच्या हिशेबात मागे पडला. बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा, ही मागणी खुद्द मच्छीमार संघटनांनीच वारंवार केली आहे. १ ऑगस्टला समुद्र शांत झालेला नसतो आणि पिल्लेही लहान असतात, हे त्यांचे म्हणणे दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

पर्ससीन जाळ्यांचा वाद अधिक कडवट. हे जाळे बांगडा, तारली यांच्या थव्याभोवती फिरवतात आणि तळाची दोरी आवळून अख्खा थवा उचलतात. सिंधुदुर्गात किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्यांच्या वाट्याला मग फारसे काही उरत नाही. डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी शासनाने आदेश काढला आणि जलधी क्षेत्रातील पर्ससीन मासेमारी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर इतकीच ठेवली. परवान्यांची संख्याही टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरले.

२०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान अधिसूचित झाले. त्यानुसार सरंगा, म्हणजे पापलेट, १३५ मिमीपेक्षा लहान पकडायचा नाही. बोंबलासाठी ही मर्यादा १८० मिमी आणि सुरमईसाठी ३७० मिमी आहे. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा घोषित झाला. पालघर जिल्ह्यातील सातपाटीच्या मच्छीमारांनी या माशाच्या पिल्लांची मासेमारी थांबवण्यासाठी दीर्घकाळ आवाज उठवला होता. मात्र आकाराचा नियम पाळणे जाळ्यावर अवलंबून असते. सुरमईच्या जाळ्याचा आस मोठा, लहान मासा त्यातून आपोआप निसटतो. डोल जाळे मात्र निमुळत्या पिशवीसारखे, भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड करून बांधलेले. त्यात बोंबील, जवळा, मांदेली आणि पापलेटची पिल्ले एकत्रच येतात आणि वर घेईपर्यंत बरीच मेलेली असतात. बंदरावर पट्टी लावून दंड केल्याने ती जिवंत होत नाहीत. आसाचा नियम आणि विणीच्या जागांचे संरक्षण यांची जोड नसेल तर किमान आकारमानाचा उपयोग मर्यादितच राहतो.

१९८१च्या कायद्यातील दंड इतके किरकोळ राहिले होते की एका फेरीच्या मासळीत ते फिटत. २०२१च्या दुरुस्तीने ते लाखांच्या घरात नेले. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडणाऱ्यांसाठी दंड सर्वाधिक कडक आहे. प्रकरणांचा निवाडाही तहसीलदारांकडून काढून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे दिला गेला. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणी सुरू झाली. तरीही रात्री १२ मैलांच्या रेषेवर उभी असलेली परप्रांतीय नौका आत होती की बाहेर, हे सिद्ध करणे हेच गस्तीपथकाचे सर्वांत अवघड काम आहे.

देवमासा, समुद्री कासव, बहिरी (व्हेल शार्क) अशा संरक्षित प्राण्यांचा प्रश्न या अधिनियमाच्या बाहेरचा. तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो आणि वन विभाग कारवाई करतो. हे प्राणी जाळ्यात चुकून अडकतात. ते जिवंत सोडायचे तर अनेकदा जाळे कापावे लागते आणि खर्च मच्छीमाराच्या डोक्यावर बसतो. म्हणून राज्याच्या कांदळवन कक्षाने मत्स्यव्यवसाय विभागाच्या साथीने भरपाईची योजना सुरू केली. जाळे कापून प्राणी सोडल्याचे छायाचित्र वा चित्रफीत दिल्यास मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते.