धार गेली की पाणी उतरलं?

जुन्या वाड्याच्या माळ्यावरची पटाशी लाकडात जाईना, की निदान ठरलेलं: ‘पाणी उतरलंय, लोहाराकडे टाका.’ बहुतेक वेळा पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, जागेवर असतं, गेलेली असते ती धार.

धार लावणं तुम्हाला येतंच. उतार २५ अंश, टोकाला शेवटचा हात ३० अंशांनी, पाठ सपाट, शेवटी चामड्यावर घासणं. गंज रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरने जातो. वर मशीनचं तेल लावा. खोबरेल नाशिकच्या थंडीत गोठून बसतं.

हा कडकपणा घासून किंवा नुसतं पडून राहून जात नाही, उष्णतेने जातो. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमधला ग्राइंडर मिनिटाला २,८०० फेरे मारतो. पातळ कड क्षणात ३०० अंश सेल्सिअसला पोचते आणि निळी पडते. निळी झाल्यावर पाण्यात बुडवून काय उपयोग? आणि निळेपणा पेपरने घासून ‘झालं नीट’ म्हणणाऱ्यांना तर हात जोडावेत. रंग वरवरचा असतो, मऊपणा आत असतो.

ओळखायचं कसं? आधी नीट धार लावा. सागाच्या कापलेल्या टोकावर दहा-बारा घाव घाला आणि कड उजेडात धरा. कड एका बाजूला वळली असेल तर पोलाद मऊ, पाणी उतरलेलं. बारीक कपचे उडाले असतील तर उलट: पोलाद कडक आहे, कोन फार निमुळता झालाय किंवा तुळईतला खिळा लागलाय. हा कपचा पाहूनच लोक ‘पाणी गेलं’ म्हणतात! खात्रीसाठी कडेजवळ नवी कानस फिरवा. कडक पोलादावर ती घसरते, मऊवर सहज चावते.

पाणी खरंच उतरलं असेल तरी भट्टी शेवटी. निळ्या डागाच्या पुढे २-३ मिलिमीटरपर्यंत पातं झिजवा, हाताने किंवा दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवत. डाग खोलवर गेला असेल तरच फेरपाणी: लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत लाल करा, तेलात विझवा, मग ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर. ही शेवटची पायरी गाळली तर कड काचेसारखी फुटते.

रंध्याचं घडीव पातं असेल तर आधी त्याची बाजू घासून बघा. बऱ्याच जुन्या पात्यांत पोलादाची पट्टी फक्त टोकाकडे जोडलेली असते, सांध्याची रेघ दिसते. ती पट्टी झिजून संपली असेल तर मागच्या लोखंडाला पाणी चढत नाही.