लयकारिका: आम्लात कोंडलेली विकरे

झिजलेल्या तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग), बिघडलेली प्रथिने, पांढऱ्या पेशीने गिळलेला जिवाणू, या सगळ्यांची विल्हेवाट पेशीत लयकारिका (लायसोसोम) लावते. एकाच पटलाची ही पिशवी बहुधा एक मायक्रोमीटरहूनही लहान असते आणि तिच्यात प्रथिने, मेद, कर्बोदके, डीएनए असे सारे तोडणारी सुमारे 60 प्रकारची विकरे (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) भरलेली असतात. ती फुटली की पेशी स्वतःलाच पचवून टाकते, असे शाळेत शिकल्याचे अनेकांना आठवेल. ते अर्धेच खरे आहे.

ही विकरे आम्लातच नीट चालतात. लयकारिकेच्या आतला सामू (पीएच; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) 4.5 ते 5 असतो, भोवतालच्या पेशीद्रवाचा सुमारे 7.2. म्हणजे आत हायड्रोजन आयनांचे प्रमाण शंभर पटींहून जास्त. पटलातले पंप एटीपी हे पेशीचे इंधन खर्चून हे आयन सतत आत ढकलत राहतात, म्हणूनच हा फरक टिकतो. एखादी लयकारिका गळली, तर आम्ल पेशीद्रवात विरून जाते आणि बहुतेक विकरे थंडावतात. एकदम पुष्कळ फुटल्या तर मात्र पेशी मरू शकते. एरवी पेशीचा नियोजित मृत्यू घडवतात ती कॅस्पेज नावाची निराळीच विकरे.

लयकारिकेचा शोध सूक्ष्मदर्शकातून लागला नाही, हे मला फार विलक्षण वाटते. बेल्जियमचे ख्रिश्चन द दूव उंदरांच्या यकृतातील विकरे मोजत होते. साखरेच्या द्रावणात यकृत हलक्या हाताने घोटले, तर आम्लात चालणारे फॉस्फटेज नावाचे एक विकर अपेक्षेपेक्षा खूपच कमी भरले. तोच नमुना काही दिवस थंडीत ठेवून पुन्हा मोजला, तेव्हा आकडा चांगलाच वाढला. विकर नव्याने तयार झालेले नव्हते. ते ज्या पिशवीत बंद होते तिचे पटल तेवढ्या काळात फाटले होते. 1955 मध्ये या पिशवीला नाव मिळाले आणि 1974 मध्ये द दूव नोबेलचे एक मानकरी ठरले.

विकरे तिथे पोचतात कशी? रायबोसोम या प्रथिने बनवणाऱ्या कणावर बनलेल्या विकराला आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात, साखरेची साखळी जोडली जाते. पुढे गॉल्जी संकुलात, म्हणजे प्रथिने वर्गवारी करून रवाना करणाऱ्या भागात, त्या साखळीतल्या मॅनोज या साखरेवर फॉस्फेट चढते. हीच पत्त्याची चिठ्ठी. गॉल्जीच्या पटलावरचा ग्राही (ठरावीक खूण ओळखणारे प्रथिन) तिला धरतो, विकर पुटिकेत, म्हणजे छोट्या पिशवीत, भरले जाते, आणि पुढच्या आम्लयुक्त कप्प्यात सामू उतरला की ग्राहीची पकड सुटते. रिकामा ग्राही गॉल्जीकडे परततो.

फॉस्फेट चढवण्याची पहिली पायरी करणारे विकर जनुकीय दोषामुळे नसले, तर आय-सेल हा आजार होतो. पचवणारी विकरे बनतात, पण चिठ्ठी नसल्याने थेट पेशीबाहेर जातात. रक्तात ती भरपूर आढळतात आणि लयकारिका मात्र न पचलेल्या मालाने फुगत जातात.

एकच विकर बिघडले, तरी तेवढाच पदार्थ साचत राहतो. गोशे आजारात एक विशिष्ट मेद जंतू व कचरा गिळणाऱ्या भक्षक पेशींत तुंबतो. प्लीहा आणि यकृत वाढतात, हाडे दुखतात. 1991 पासून त्यावर उपचार आहे: नसलेले विकर शिरेतून, बहुधा दर दोन आठवड्यांनी देतात. त्याच्या साखरेच्या साखळीचे टोक मॅनोजचे ठेवलेले असते, कारण भक्षक पेशींवर मॅनोज ओळखणारे ग्राही असतात. टे-सॅक्स आजारात मात्र साठा चेतापेशींत होतो, आणि शिरेतून दिलेले विकर रक्त व मेंदू यांमधला अडसर ओलांडत नाही. म्हणून तिथे हा मार्ग उपयोगी पडत नाही.