शांतता समिती, शांतता क्षेत्र आणि त्यामागचे इंग्रजी शब्द

गणेशोत्सव जवळ आला की ठाणे शहरात पोलीस ठाण्यांतून शांतता समितीच्या बैठका सुरू होतात. त्याच दिवसांत इस्पितळं, शाळा आणि न्यायालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रांचा विषयही निघतो. मराठीत दोन्हीकडे शांतताच, पण मूळ इंग्रजी शब्द वेगळे आहेत: समितीची शांतता म्हणजे ‘पीस’, क्षेत्राची शांतता म्हणजे ‘सायलेन्स’. समितीला तंटा नको असतो, क्षेत्राला आवाज नको असतो. मिरवणूक गुण्यागोविंदाने निघाली, कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही, आणि तरी प्रसूतिगृहासमोर तासभर डीजे दणाणत राहिला, तर पहिली शांतता पाळली गेली आणि दुसरी मोडली. बैठकीत पहिलीची काळजी जितक्या जिव्हाळ्याने होते, तितकी दुसरीची होत नाही असं मला फार वाटतं. म्हणून हे शब्द कुठून आले, ते नीट पाहण्यासारखं आहे.

‘पीस’ हा मुळात करारातला शब्द. लॅटिन ‘पॅक्स’, आणि त्याचं नातं करार करणं या क्रियापदाशी. ‘पॅक्ट’ त्याच कुळातला. इतकंच काय, पैसे चुकते करण्याचा ‘पे’सुद्धा तिथलाच, कारण देणेकऱ्याने पैसे दिले की घेणेकरी शांत होतो. इंग्लंडात १०६६ साली नॉर्मन आले, दरबार आणि न्यायालयं फ्रेंच बोलू लागली, आणि जुना अँग्लो-सॅक्सन ‘फ्रिथ’ मागे पडून त्याच्या जागी ‘पीस’ आला. राजाने राखलेली सुव्यवस्था ती ‘किंग्ज पीस’. ती मोडणारा माणूस शेजाऱ्यासोबत राजाचाही गुन्हेगार ठरे. हीच कल्पना १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ‘ब्रीच ऑफ द पीस’ म्हणून आली आणि मराठीत ‘शांतताभंग’ झाली. २०२४ पर्यंत सणासुदीच्या आधी कार्यकर्त्यांना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ खाली मिळणाऱ्या ‘१०७ च्या नोटिशी’ही याच वंशातल्या. मुंबईत एकोणिसाव्या शतकात मानाने लावलं जाणारं ‘जे. पी.’ हे बिरुद म्हणजेसुद्धा ‘जस्टिस ऑफ द पीस’. या साऱ्या इतिहासात आवाजाचा संबंध कुठेच नाही.

‘सायलेन्स’ आला लॅटिन ‘सिलेरे’वरून, म्हणजे गप्प असणं. आपल्याकडे त्याला कायद्याचं रूप दिलं केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी. इस्पितळ, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचा परिसर, आणि तिथे आवाजाची मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. निवासी भागात हेच आकडे ५५ आणि ४५ आहेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. ५० डेसिबलमध्ये हळू आवाजातलं बोलणं सहज बसतं. म्हणजे नियमाने मागितलेली गोष्ट ‘सायलेन्स’हून बरीच सौम्य आहे. इंग्रजीत तिला खरं तर ‘क्वाएट’ म्हणायला हवं होतं. सायलेन्स म्हणताच लोकांना वाटतं की अशक्य काही मागितलं जातंय, आणि पाटीकडे दुर्लक्ष करायला सबब मिळते.

ध्वनिप्रदूषणाविरुद्धच्या लढ्यात ठाण्याचं नाव ठळक आहे. डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. उत्सवांचे मंडप, अडलेले रस्ते आणि ध्वनिवर्धक हा सगळा ठाणेकरांच्या रोजच्या जगण्याचा विषय त्यात होता. त्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने नियम बदलले: राज्य सरकारने अधिसूचना काढून जाहीर केल्याशिवाय कुठलाही परिसर शांतता क्षेत्र ठरणार नाही. उच्च न्यायालयाने त्या बदलाला स्थगिती दिली आणि काही दिवसांतच, ४ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती थांबवली. इस्पितळाच्या दारात आपोआप असणारी शांतता सरकारी कागदावर अवलंबून राहावी, हे मला आजही पटत नाही.

आता ‘क्वाएट’. लॅटिन ‘क्विएस’ म्हणजे विश्रांती. त्यातून ‘क्विएटस’: विसावलेला, आणि पुढे देण्याघेण्यातून मोकळा झालेला. सोडून जाण्याचा ‘क्विट’ त्याचाच भाऊ, म्हणजे १९४२ च्या ‘क्विट इंडिया’तही हेच मूळ आहे. हा मोकळेपणाचा अर्थ आपल्या घरच्या कपाटात पडून असतो. फ्लॅटच्या इंग्रजी करारात ‘क्वाएट, व्हेकंट अँड पीसफुल पझेशन’ असे शब्द असतात. खालच्या मजल्यावर ड्रिलिंग चाललं म्हणून या ‘क्वाएट’चा भंग होत नाही. त्याचा अर्थ, जागेवर दुसऱ्या कुणाचा हक्क निघून तुमच्या ताब्याला धक्का लागणार नाही. सिडकोच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच्या जमिनींमुळे नवी मुंबईकराला ‘लीज’ काही नवीन नाही. त्या कायद्यातलं ‘क्वाएट एन्जॉयमेंट’ म्हणजेही भाडेपट्टेदाराला मिळणारा विनाअडथळा उपभोग.

माझा सर्वांत आवडता शब्द मात्र ‘काल्म’. उच्चारात ल नाही, पण आपल्या ‘काम’शी गल्लत नको म्हणून इथे तसा लिहितो. ग्रीक ‘काउमा’ म्हणजे जाळणारी उष्णता. तो लॅटिनमध्ये शिरला आणि भूमध्य समुद्राकाठच्या भाषांत त्याचा ‘काल्मा’ झाला: भर दुपारी वारा पडतो, कामं थांबतात, माणसं-जनावरं सावलीला जातात, ती वेळ. उकाड्यापासून शांततेपर्यंतचा हा प्रवास युरोपातल्या थंड गावात बसून कळायला अवघड असेल. मे महिन्यात दुपारी दोन वाजता ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठावर, पानही हलत नसताना उभं राहिलेल्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

चौदाव्या शतकाच्या शेवटी हा शब्द इंग्रजीत आला तो समुद्र आणि हवामानाचा म्हणून. मनाला तो नंतर लागला. शिडाच्या जहाजांवर काल्म ही भीतीची गोष्ट होती. वारा नाही म्हणजे जहाज जागच्या जागी, आणि पिण्याचं पाणी रोज कमी होत चाललेलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस ब्यूफर्ट या नौदल अधिकाऱ्याने वाऱ्याचं मोजमाप लावलं, त्यात शून्य अंकाला नाव दिलं ‘काल्म’: धूर सरळ वर जातो ती अवस्था. हवामानाच्या नोंदींत तो अर्थ अजून चालतो. वारा आणि मन यांची ही जोडी आपल्यालाही परकी नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्याची उपमा आहे, आणि तिथला ‘निवात’ शब्द आपल्या ‘निवांत’च्या अगदी शेजारचा आहे.

‘स्टिल’ इंग्रजीचा अस्सल घरचा, नॉर्मनांच्या आधीपासूनचा. मूळ अर्थ जागच्या जागी उभं असणं, म्हणून लग्नाच्या फोटोग्राफरचे दर ‘स्टिल’ आणि व्हिडिओचे वेगळे. ‘अजूनही’ या अर्थाचा ‘स्टिल’ही हाच: जे हललं नाही, ते अजून आहे.

‘ट्रँक्विल’ आणि ‘सेरीन’ हे लॅटिन शिकलेल्या मंडळींनी आणलेले भारदस्त पाहुणे. ‘सेरीन’ म्हणजे निरभ्र आकाश. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तो ‘सी ऑफ ट्रँक्विलिटी’त; ते नाव १६५१ पासूनचं. सध्या दोघांचा मुक्काम घोडबंदर रोड आणि खारघरच्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत असतो, आणि तिथे त्यांचा अर्थ पार झिजून गेला आहे.

स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत हे सगळे शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत पाठ करवून घेतले जातात. याचं मला वाईट वाटतं, कारण मुलांना आधीच ठाऊक असलेलं त्यात पुसलं जातं. संथ पाणी, निवांत दुपार, शुकशुकाट झालेला रस्ता, चिडीचूप वर्ग, दोन मिनिटांचं मौन, यांची अदलाबदल कुठलंही मराठी मूल करणार नाही. इंग्रजी शब्दही असेच आपापल्या सोबत्यासह शिकवता येतात: ‘स्टिल’ पाण्याबरोबर, ‘काल्म’ समुद्राबरोबर, ‘क्वाएट’ गल्लीबरोबर, ‘सायलेंट’ न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षराबरोबर, आणि ‘पीस’ भांडण मिटलेल्या दोघांबरोबर.