ब्यॅन (आयरिश नाम)

ब्यॅन : आयरिश भाषेतील स्त्रीलिंगी नाम, अर्थ बाई, तसेच बायको. लेखन बी-ई-ए-एन. आयरिशमधील अनियमित नामांपैकी हे एक.

मूळ इंडो-युरोपीय धातूतील ‘ग्व’ या ध्वनीचा केल्टिक शाखेत (आयरिश हिच्यातलीच) ‘ब’ झाला. म्हणूनच संस्कृत ‘गो’ला आयरिश ‘बो’ (गाय), ‘जीव’ला ‘ब्यो’ (जिवंत) आणि ‘जनि’, ‘ग्ना’ या वैदिक शब्दांना ‘ब्यॅन’ अशा जोड्या लागतात. ग्रीक ‘गुने’ आणि इंग्रजी ‘क्वीन’ही याच कुळातले.

रूपे : प्रथमा एकवचन ब्यॅन, षष्ठी एकवचन म्ना, प्रथमा अनेकवचन म्ना, षष्ठी अनेकवचन बन. ‘म’ कुठून आला? ज्या रूपांत ब आणि न यांच्यामधला स्वर गळाला तिथे शब्दारंभीच्या ‘ब्न’चा ‘म्न’ झाला. जिथे स्वर टिकला तिथे ब टिकला. कॉनाख्ट आणि अल्स्टर या आयर्लंडच्या प्रांतांमध्ये याच ‘म्ना’चा उच्चार ‘म्रा’ होतो, लेखन मात्र बदलत नाही. ‘म्नी’ हे जुने चतुर्थीचे रूप प्रमाणभाषेतून गेले आहे.

उपपद (‘अन’ किंवा ‘न’, इंग्रजी ‘द’सारखे) लागले की काही रूपांत पहिले अक्षर बदलते. ‘अन व्यॅन’ म्हणजे ती बाई; इथे बीपुढे एच लिहितात आणि ब मऊ होऊन व होतो. ‘न मन’ म्हणजे त्या बायकांचे. यात बीआधी एम लिहितात, पण बी मुका असतो. शिकणारे हमखास ‘म्बन’ म्हणतात, ते चूक. 1914 साली डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या ‘कुमन न मन’ या महिला संघटनेच्या नावात लहान एमनंतर मोठा बी दिसतो तो यामुळेच. ‘न म्ना’चे मात्र दोन अर्थ होतात : त्या बाईचे आणि त्या बायका. विशेषण आले की उलगडा होतो. पहिल्या अर्थी ‘मोर’चे (मोठा) ‘मोरे’ होते, दुसऱ्या अर्थी ‘मोरा’.

आयर्लंडमधील स्वच्छतागृहांच्या दारांवर ‘म्ना’ आणि ‘फिर’ (पुरुष) लिहिलेले असते. इंग्रजी वाचणाऱ्याला एम-एन-ए पाहून ‘मॅन’ आणि एफ पाहून ‘फीमेल’ वाटते, म्हणजे दोन्ही दारे उलटी.

समासात ‘बन’ हे रूप पुढे येते : बनरीन (राणी), बनल्त्रा (परिचारिका). शब्दजोड्यांत ‘ब्यॅन’ राहते; सुईणीला ‘गुडघ्याची बाई’ म्हणतात, आणि ‘ब्यॅन शी’ म्हणजे परीलोकातील बाई, जिच्यावरून इंग्रजीत ‘बॅन्शी’ आली. गंमत अशी, की मुलगी या अर्थाचा ‘कॅलीन’ हा शब्द मात्र व्याकरणाने पुल्लिंगी आहे, संस्कृतातल्या पत्नीवाचक ‘दार’ शब्दासारखा.