संशोधनाचं अनुदान की खरेदीची हमी?

नव्या तंत्रासाठी सरकारनं पैसा सोडावा, ही मागणी अथणी-चिकोडीकडे नेहमीचीच. पण पैसा सोडायच्या तऱ्हा दोन आहेत. बेळगावच्या उसानं दोन्ही पाहिल्यात, तरी बोलताना आपण त्यांची सर्रास गल्लत करतो. अनुदानात पैसा आधी मिळतो. शोध नाही लागला तरी कुणी परत मागत नाही. हमीत आधी दमडीही मिळत नाही. माल तयार करा, ठरल्या भावानं घेऊ, एवढा शब्द असतो.

2002 साली सांगलीकडून लोकरी मावा ही उसावरची कीड आपल्याकडे उतरली. पानाखाली पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर, खालच्या पानांवर काळी बुरशी. दाट वाढलेल्या फडात पंप घेऊन शिरणार कोण? शेवटी उपयोगी पडले ते मावा खाणारे डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक. त्यांची पैदास कशी करायची यावर सरकारी पगारावरचे कीटकशास्त्रज्ञ राबले, त्यात धारवाडचं कृषी विद्यापीठही होतं. ही अनुदानाचीच तऱ्हा. खासगी कंपनीला यात रस कशाला असेल? कीटक एकदा सोडले की बांध ओलांडून शेजाऱ्याकडे फुकट जातात. शिवाय हमी द्यायची तर कशाची, हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

इथेनॉलचं तसं नाही. काय हवं ते लिटरात मोजता येतं. 2018 पासून केंद्रानं बी-हेवी मळी (थोडी साखर मुद्दाम राखलेली मळी) आणि उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला वेगळे, चढे भाव बांधून दिले. तेल कंपन्या माल उचलणार म्हटल्यावर कारखान्यांनी कर्जं काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या. (त्या कर्जांना व्याजाची सवलत होती, म्हणजे थोडी भेसळ इथंही आहेच.)

आणि 7 डिसेंबर 2023 ला, ऐन गळितात, साखर कमी पडेल म्हणून रसापासून इथेनॉल करायला मनाई झाली. आठवडाभरानं ती सैल केली, पण मर्यादा राहिली. अनुदान आटलं तर पुढचा प्रयोग थांबतो. हमी फिरली तर घातलेलं भांडवल अडकतं. म्हणून ती करारात बांधलेली हवी. न्यूमोनियावरच्या न्यूमोकोकल लशीसाठी 2009 मध्ये देणगीदारांनी दीड अब्ज डॉलर असेच बांधून ठेवले. त्यातही खोट होती, पहिल्या दोन कंपन्यांच्या लशी तोवर जवळपास तयारच होत्या. पण पुण्याच्या सीरमची स्वस्त लसही 2020 मध्ये त्याच करारातून पुढं आली.

आता ऊसतोडीला टोळ्या मिळेनात, आणि मोठं तोडणी यंत्र वीस गुंठ्यांच्या तुकड्यात वळत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकामाचे, हायड्रॉलिकचे कारखाने आहेत. तरी छोट्या यंत्रासाठी मी अनुदान मागणार नाही. काय हवं ते ठरलेलंच आहे: अरुंद सरीत चालणारं, बुडाशी तोडणारं, आडव्या पडलेल्या उसातही न अडणारं. साखर कारखान्यांनी मिळून ठरावीक यंत्रांची खरेदी लेखी कबूल करावी. चाचणी मात्र पावसानं लोळवलेल्या फडात घ्यावी, कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर नको.